हॅम (हौशी रेडिओ) परीक्षेतली मोर्स ठेवायची की काढायची? मोकळेपणाने बोला

दापोलीची वायर: जनरल म्हणजे वरच्या ग्रेडच्या लायसन्सला आपल्याकडे अजून मिनिटाला ८ शब्दांची मोर्स (टिंब-रेघांची तारेची भाषा) लागते, आणि ती काढा म्हणणारे वाढत चाललेत. माझं मत, अजिबात काढू नका. ३ जून २०२०, निसर्ग वादळ आठवा. माझी अँटेना माडासकट आडवी, लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन पोफळींमध्ये वायर ताणली, बाइकची बॅटरी काढली आणि घरी जोडलेला ५ वॅटचा सेट लावला. ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, आवाजात हाका मारून मारून घसा बसला, कुणाला काही कळेना. मग मोर्सची की (दाबून टिंब-रेघ पाठवायचा खटका) पुढे ओढली तर पुण्याच्या एकाने दुसऱ्याच हाकेला उचललं. ‘ऑल सेफ रूफ गॉन’, एवढंच बहिणीला कळवायचं होतं, ते तासाभरात कळलं.

श्रीवर्धनकर: दादा, वादळ आम्ही पण भोगलंय, त्यामुळे तुमच्या अनुभवाला नावं ठेवत नाही. पण मोर्स उपयोगाची आहे म्हणून परीक्षेत पाहिजेच, हे कसं काय? आंतरराष्ट्रीय नियमांतली सक्ती २००३ मध्येच गेली, अमेरिकेने २००७ ला परीक्षा काढली, म्हणून तिकडची मोर्स बंद पडली का? हॅमवाल्यांच्या कॉन्टेस्टच्या शनिवारी रात्री ७ मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला कान लावून बघा, शिरायला जागा नसते. आणि सिग्नल कमजोर असेल तर २०१७ पासून एफटी८ (कॉम्प्युटरने संदेश पाठवायची पद्धत) आहे की, कानाला नुसती खरखर येते तिथलं पण ते काढून देतं.

दापोलीची वायर: एफटी८ ला कॉम्प्युटर लागतो, घड्याळ जवळजवळ सेकंदाला जुळलेलं लागतं आणि मनातलं लिहायचं तर १५ सेकंदांच्या एका पाळीत १३ अक्षरं. माझा लॅपटॉप त्या दिवशी भिजलेल्या गादीखाली होता.

हर्णैचा तारवाला: मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. ५०० किलोहर्ट्झवर दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, एखाद्याचा एसओएस दबून जाऊ नये म्हणून. रेडिओरूमच्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असायचा, काटा तिथे आला की हातातला चहा पण खाली ठेवायचो. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांना मोर्सची गरज उरली नाही, तेव्हा फार लागलं मनाला. तरी मी सांगतो, परीक्षा काढा. परीक्षेसाठी शिकणारी पोरं कागदावरचे टिंब-रेघ पाठ करतात, मग ऐकताना मनात मोजत बसतात आणि सहा-सात शब्दांवर अडकतात. मृदंगाचे बोल आधी तोंडात बसवतात ना, तसंच हे. सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, ती दा-दि-दा-दित, दा-दा-दि-दा, ही चाल कानात बसली की वेग आपोआप येतो, तारखेच्या धाकाने ती बसत नाही.

दापोलीची वायर: काका, तुमचा मान राखून बोलतो, धाक होता म्हणूनच मी शिकलो, नाहीतर त्या जूनमध्ये माझ्याकडे नुसता माइक असता. सक्ती गेली तर इथे कोण शिकणार? तुमच्याकडे किती येतात?

हर्णैचा तारवाला: दोघं. दोघांकडे रिस्ट्रिक्टेडचं, म्हणजे खालच्या ग्रेडचं मोर्स न लागणारं लायसन्स, जनरलला बसायचं नाहीच म्हणतात. तरी संध्याकाळी जाळी आवरून झाली की येतात आणि की वरून उठत नाहीत.