अनुभव धागा: धारप पुन्हा हातात, आणि घरात मोठ्याने

आषाढ लागला, संध्याकाळी दिवे जाऊ लागले की भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली उतरतात. एकट्याने वाचायला सगळ्यांना येतं. घरातल्या पाच-सात जणांना बसवून वाचून दाखवणं हे वेगळंच काम. ‘आमच्या वाड्यातल्या विहिरीत एकदा’ छापाचे किस्से नकोत. कसं वाचता, काय गाळता, कुठे फसतं, तेवढं लिहा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही चालतील.

ठाण्याहून

आधी वेळेचा हिशेब. घाई न करता मोठ्याने वाचलं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. छापील पान २५०-३०० शब्दांचं, म्हणजे पानाला अडीच मिनिटं; बारा पानांची कथा अर्ध्या तासात बसते. मुलं असतील तर चाळीस मिनिटांपुढे जाऊ नका. एक जण पाणी प्यायला उठला की मांडलेलं सगळं मोडतं.

धारप वाचताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘सुरुवात संथ आहे’ म्हणून पहिली तीन पानं गाळणं. जिना कुठे, माजघराला दारं किती, कुठली खोली बंद, हे सगळं तिथेच पेरलेलं असतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात घराचा नकाशा नसेल तर पुढे ‘वरच्या खोलीत’ म्हटल्यावर त्याला काहीच होत नाही. ती पानं उलट जास्त हळू वाचा. गाळायचंच तर शेवटाकडचं स्पष्टीकरण गाळा. मोठ्यांना ते पटतं, मुलांची भीती मात्र त्यात पातळ होते. अपवाद धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राच्या कथांचा. तिथे समर्थ येऊन सगळं निस्तरतात, आणि लहान मुलांना त्यानंतरच झोप लागते.

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी एका बैठकीत घेऊ नका. गावभर माणसं आहेत, नावं हरवतात. कागदावर लिहून मध्ये ठेवा. आणि स्टीफन किंगचं ‘सालेम्स लॉट’ वाचलेलं कोणी घरात असेल तर त्याला आधीच गप्प राहायला सांगा. ‘लुचाई’ त्याच्यावरच बेतलेली आहे, तो दुसऱ्या प्रकरणात फोडेल.

डोंबिवलीहून

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत काहीच गाळू नये, त्यांचं बरंचसं शेवटच्या दोन ओळींत असतं. म्हणून आवाज शेवटी चढवू नका, सपाट ठेवा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि पाच सेकंद बोलू नका. ‘कळलं का?’ विचारलंत की संपलं. सहा-सात वर्षांच्या मुलांना गूढकथा नकोच. त्यांच्यासाठी मतकरींचंच ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य घ्या. चेटकीण आहे, पण हसवणारी.

जुन्या पुस्तकांचं काम करणारा, पुणे

रद्दीतून किंवा वाचनालयातून धारप-मतकरी घेताना आधी शेवट बघा. जुनी पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत (घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांत) शिवलेली असतात आणि सुटतो तो शेवटचाच फर्मा. पानांचे आकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. शेवट नसलेली गूढकथा घरच्यांना वाचून दाखवणं हा छळ आहे.

कसर (कागद खाणारी कीड) दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने पानं झटका, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही. गार पुस्तकावर हवेतलं पाणी धरतं आणि पानं चिकटतात. कडक उन्हात टाकू नका, आधीच पिवळा झालेला कागद तुकडे पडण्याइतका ठिसूळ होतो.

सावंतवाडीहून

पुस्तक नसलं तरी अडत नाही. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाची पहिली ठिणगीही तोंडीच पडली: दिग्दर्शक राही बर्वे यांना १९९३ मध्ये एका मित्राने धारपांची कथा सांगितली होती.

तोंडी सांगायला चकवा, म्हणजे वाट चुकवून तिथल्या तिथे फिरवणारं भूत, सर्वांत सोपा. वाटेवरची एक खूण घ्या, समजा वाकडा आंबा. पहिल्यांदा नुसता उल्लेख. दुसऱ्यांदा तोच आंबा, पण बारीक फरक: मघाशी डाव्या हाताला होता, आता उजव्या. तिसऱ्यांदा तुम्ही बोलायचंच नाही, ‘पुढे बघतो तर…’ म्हणून थांबायचं. मुलं स्वतःच ‘आंबा!’ म्हणतात आणि तिथेच घाबरतात. चौथी फेरी घेतलीत तर हसतील.

घरात कोणी गरोदर असेल तर अळवंतीण, हडळ बाजूला ठेवा. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या गोष्टी आहेत त्या. आणि आरवलीचा वेतोबा भुतांच्या यादीत घालू नका. तो ग्रामदैवत आहे. रात्री गावाची राखण करताना झिजतात म्हणून त्याला मोठाल्या वहाणा वाहतात. हे सांगायचं ते भीती उतरवायला, गोष्टीच्या शेवटी.

न्यू जर्सीहून

व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबा वाचणार असतील तर दोन अडचणी. इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे सहा: मागे कावळे आणि दूधवाला. म्हणून मजकूर इथल्यांनी वाचावा, तिकडून फक्त पात्रांचे संवाद यावेत. दुसरं, कॉलमधली आवाज गाळण्याची सोय कुजबुज हा गोंगाट समजून खाते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा.

पुन्हा ठाण्याहून

कुजबुज घरातही नकोच. पंखा दोनवर असला तरी ती दुसऱ्या माणसापलीकडे पोचत नाही. खालच्या पट्टीतला भरीव आवाज पोचतो. दिवा वाचणाऱ्याच्या मागे, पुस्तकावर पडेल असा ठेवा, म्हणजे चेहरा अंधारात राहतो. हनुवटीखाली बॅटरी हा गॅदरिंगचा प्रकार. फोनवरून वाचू नका, नेमकं दार उघडताना कुणाचं तरी ‘शुभ रात्री’ येतं. आणि सुरू करण्याआधी सगळ्यांना बाथरूमला पाठवा. नंतर एकटं कोणी जात नाही, मोठीसुद्धा.