सागवान उभं चिरायला टेबल सॉचं पातं: दात किती, जाडी किती?

भांडुपकर
10 इंची टेबल सॉ, 1800 वॅट, शाफ्ट 25.4 मिमी. मशीनसोबत आलेलं 60 दातांचं पातं 35 मिमी सागवान लांबीत चिरताना अडखळतं. कडा काळ्या पडतात, भुसा पिठासारखा बारीक येतो. रायव्हिंग नाइफवर (पात्यामागची उभी पट्टी) 2.2 मिमी असं कोरलंय. चिराईसाठी वेगळं पातं घ्यायचंय. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात गेल्यावर नेमकं काय मागू?

पटाशी
पिठासारखा भुसा पडतोय म्हणजे दात कापत नाहीत, घासतायत. 10 इंची पात्यावर 60 दात असले की दोन दातांत जेमतेम 13 मिमी अंतर राहतं आणि 35 मिमी जाडीत एका वेळी 4-5 दात अडकतात. मधल्या खाचा लहान, भुसा बाहेर निघत नाही, तिथेच तापतो. 24 दातांत हेच अंतर 33 मिमी होतं, लाकडात दोनच दात राहतात आणि भुसा लांब, धाग्यासारखा निघतो.

मागायचं ते असं: 24 दात, सपाट माथ्याचे (फ्लॅट टॉप), पुढे झुकलेले, हुक अँगल 20 अंशांच्या आसपास, कार्बाइड टिप (दातावर जोडलेलं कठीण टोक). पात्यावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा.

रंधा५५
दातांच्या आधी जाडी बघा, खरी चूक तिथे होते. टिपची रुंदी नाइफच्या 2.2 मिमीपेक्षा जास्त आणि पात्याच्या पत्र्याची जाडी 2.2 पेक्षा कमी, दोन्ही एकदम जमलं पाहिजे. टिप 2.6 आणि पत्रा 1.8 असेल तर उत्तम. टिपच 2.2 ची असेल तर फळी नाइफवर अडते आणि लोक वैतागून नाइफच काढून ठेवतात. ते अजिबात करू नका. पावसाळ्यात रे रोडच्या लाकूडबाजारातून आणलेल्या लाकडात ओल असते, चिरताना ते मागे मिटतं, पात्याला आवळतं आणि फळी अंगावर येते. 3.2 मिमीचं जाड पातंही नको, या मोटरवर ओढ पडेल.

दुकानात व्हर्नियर घेऊन जा. बरीच पाती 30 मिमी भोकाची असतात, सोबत 25.4 ची रिंग देतात. ती चालते, पण रिंग पत्र्याच्या वर आली तर फ्लँज (पातं आवळणारी चकती) पात्यावर नीट बसत नाही आणि पातं डुलतं.

भांडुपकर
24 दातांनी कड खडबडीत येईल ना? 40 चं घेतलं तर?

पटाशी
40 चं पातं थोडं चिरायला, थोडं आडवं कापायला बरं. रोज 35 मिमी सागवान चिरायचं असेल तर 24 च. कड अर्धा मिमी जास्त ठेवा आणि रंधा मारा. जुनं 60 चं प्लायसाठी ठेवा.

रंधा५५
नवीन पातं घालून काळं पडणं थांबलं नाही तर दोष फेन्सचा (फळी टेकवून सरकवायची पट्टी) किंवा पातं तिरकं बसल्याचा. प्लग काढा, एका दातावर पेनने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलावरच्या माइटरच्या खाचेपर्यंतचं (आडव्या कापाचा गेज सरकतो ती) अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून मोजा. दोन्ही मापं जुळली की फेन्सही त्या खाचेशी समांतर करा. फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असेल तर कुठलंही पातं जाळणारच.

सागवानात सिलिका असते, टिप लवकर बोथट होते. राळ चढली की कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, लगेच पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा. आपल्या हवेत पत्रा एका रात्रीत गंजतो. धार लावायला डायमंड व्हील असलेल्याकडेच द्या, साध्या ग्राइंडरने कार्बाइड फुटतं.