मदत हवी आहे: वाडीच्या अरुंद रस्त्यावर फ्लॅटस्कीम येतेय, रस्ता पंचायतीच्या २३ नंबरला (रस्त्यांच्या नोंदवहीत) घालावा की नको?

नमस्कार मंडळी, रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या बाजूला आमची वाडी आहे, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. महसूल किंवा बांधकाम परवानग्यांमधलं कुणी जाणकार असेल तर प्लीज सांगा, कारण सध्या वाडीत रोज संध्याकाळी याच विषयावर वाजतंय.

वाडीत यायला एकच रस्ता. मुळात ती पाखाडीच, जांभ्याच्या पायऱ्यांची. आजोबांच्या पिढीनं आंब्याच्या पेट्या न्यायला टेम्पो आत यावा म्हणून आपापली थोडीथोडी जागा सोडली, गडगे (दगडी कुंपणं) मागे घेतले, पायऱ्या फोडल्या, सगळं तोंडी, कागद कुणी केला नाही. नंतर कधीतरी पंचायतीनं त्यावर डांबर टाकलं. आजही धड दहा फूट रुंदी नाही, समोरून गाडी आली की एकानं देवळापर्यंत रिव्हर्स घ्यायचा. गणपतीत मुंबईकर गाड्या घेऊन आले की विचारूच नका, पण ती आपलीच माणसं, तेवढे दिवस चालून जातं.

आता वर सड्यालगतची कलमांची बाग एका बिल्डरनं घेतलीय आणि तिथे ३६ फ्लॅट येणार म्हणे. ब्रोशरमध्ये छापलंय ‘९ मीटर अॅप्रोच रोड’. अहो नऊ मीटर म्हणजे जवळजवळ तीस फूट, त्यात आमच्या काकूंची पडवी, तुळस आणि विहिरीचा कठडा सगळंच येतं!

डंपर तर आत्ताच सुरू झालेत. परवा एक वळणावर गडग्याला घासला, वरचे चिरे खाली आले, त्यातला एक नळाच्या पाइपवर, वाडीचं पाणी बंद. ड्रायव्हर खाली उतरून बघतो आणि म्हणतो, साहेबांना फोन लावा. खाली पऱ्यावरची मोरी एका सिमेंट पाइपची आहे, पावसात पाणी तसंही वरूनच जातं, त्यावरून भरलेला डंपर किती दिवस जाणार देव जाणे. शाळेची पोरं डंपर आला की गडग्यावर चढून उभी राहतात, कडेला व्हायला जागाच नाही. आणि शिमग्यात पालखी याच रस्त्यानं घरोघर येते, तेव्हा काय करायचं?

खरा पेच पुढे आहे. अर्धी वाडी म्हणते रस्ता पंचायतीच्या २३ नंबरला नोंदवून घेऊ म्हणजे कायमचा आपला. बाकीचे म्हणतात, अरे नोंदवला की सार्वजनिक झाला, मग बिल्डरला आयता रस्ता मिळाला, त्यापेक्षा खाजगीच राहू दे आणि चिरे टाकून बंद करू. मला दोन्हीकडचं पटतं म्हणून जास्तच वैताग आलाय. काय करावं?

सड्यावरचा: दादा, भांडणाच्या आधी पंचायतीत जाऊन २३ नंबरचा उतारा काढा. डांबर पंचायतीनं टाकलंय ना? मग नोंद बहुतेक आधीच असणार, खाजगी जागेत सरकारी पैसा खर्च दाखवणं सोपं नसतं. उतारा देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल घ्या. नकाशावर पायवाट एका तुटक रेषेनं दाखवतात, गाडीवाट दोन रेषांनी. तुमची एकच असेल.

मोडीवाचक: वरच्यांशी सहमत, फक्त नोंद आहे की नाही यापेक्षा रुंदी किती लिहिलीय ते बघा, सगळा खेळ तिथे आहे. २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत किती एफएसआय मिळणार, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येणार, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं आणि ९ मीटर हा त्यातला एक टप्पा आहे, ब्रोशरमध्ये तो आकडा उगाच नाही आला. उताऱ्यात तीन मीटर असेल तर बाकीचे सहा त्यांना तुमच्याकडून विकत घ्यावे लागतील, नाहीतर कमी बांधावं लागेल. ८ पेक्षा जास्त फ्लॅट म्हणजे महारेराकडे (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी आलीच, त्यांच्या वेबसाइटवर मंजूर नकाशा फुकट बघता येतो, त्यात रस्ता कुठून दाखवलाय बघा.

आणि चिरे टाकून रस्ता बंद करायचं डोक्यातून काढा. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार अडथळा काढून टाकायला लावतो, बिल्डर सहा महिन्यांच्या आत अर्ज करून मोकळा होईल आणि वर तुम्हीच आडमुठे ठरणार.

मी (धागाकर्ता): बापरे, नोंद आधीच असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आम्ही घालावी की नको यावर भांडतोय. उद्याच उतारा बघतो. समजा तीन मीटर निघाली तर हरकत कुठे द्यायची? आणि वाडीच्या नावानं एकच की घरटी वेगळी? मोरीचं पण त्यातच घालू का?

मोडीवाचक: नगररचना आणि परवानगी देणारं ऑफिस, दोन्हीकडे. घरटी वेगळी द्या, ज्याच्या कुंपणातनं रस्ता जातो त्यानं सातबारा जोडून द्यायची. एकच सामायिक अर्ज असला की चार सह्या फुटल्या की तो गेला. मोरीचं वेगळं काढा, ते पंचायत समितीच्या बांधकाम उपअभियंत्याला, फोटोसकट, पाऊस लागायच्या आत.

सड्यावरचा: आणि प्रत्येक अर्जावर आवक शिक्का मारलेली पोच. व्हॉट्सअॅपवर पाठवलं म्हणून सांगू नका.