कागदाची डायल असलेलं वापरलेलं 'द सिटिझन': कारागिरी की नुसता टेंभा?

निशिकासाईचा_नाना (धागाकर्ता)

वापरलेलं महागडं घड्याळ घ्यावं का, यावरून आमच्या तोक्योतल्या मराठी ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. तिथे कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून इथे मांडतो.

नाकानो ब्रॉडवेतल्या एका दुकानातून मी सिटिझन कंपनीचं 'द सिटिझन' घड्याळ घेतलं, आधी कुणीतरी वापरलेलं. मॉडेल एक्यू४०२०. टायटॅनियम, पांढरी डायल, आणि काचेखाली खरा वाशी, म्हणजे पारंपरिक जपानी कागद. शिकोकू बेटावरच्या कोचीचा, म्हणजे जुन्या तोसा प्रांतातला. नव्याच्या साधारण साठ टक्के किमतीत पडलं.

माझं म्हणणं असं की पारंपरिक कारागिरीच्या नावावर विकली जाणारी जपानी घड्याळं घ्यायची तर वापरलेलीच घ्यावीत. कागद तोच, आतलं यंत्र तेच, किमतीतली घट मात्र पहिल्या मालकाने सोसलेली. आणि नेमकं हेच निवडलं कारण यात कागद कामाला लावलाय. सिटिझनचं इको-ड्राइव्ह यंत्र उजेडावर चालतं आणि सौर घट डायलच्या खाली असतो. उजेड आत झिरपला पाहिजे, पण खालचा काळपट घट वर दिसता कामा नये. जपानी घरांतल्या शोजी दारांना वाशी लावतात ती यासाठीच: उजेड येऊ दे, आतलं दिसू नको दे.

बोला आता.

चावीवाला

नाना, अभिनंदन, पण असहमत. एवढे पैसे मोजून क्वार्ट्झ, म्हणजे सर्किटवर चालणारं?

कारागिरीच हवी होती तर सेइकोच्या प्रेसाज मालिकेत आरिता पोर्सेलीनची डायल मिळते. क्यूशूमधल्या सागा प्रांतातलं आरिता, चारशे वर्षांपासून पोर्सेलीनच्या भट्ट्या चालू आहेत तिथे. आणि आत धडधडणारं ऑटोमॅटिक, मनगटाच्या हालचालीवर चालणारं यंत्र. तुमच्या कागदाखाली एक सर्किट आहे. बाहेर पैठणी नि आत रेक्झिन.

निशिकासाईचा_नाना

प्रेसाजमध्ये बरीच वर्षं बसणारं ६आर१५ कंपनीच्याच कागदावर दिवसाला उणे १५ ते अधिक २५ सेकंद. माझं वर्षाला अधिक-उणे ५ सेकंद. वर्षाला! आणि क्वार्ट्झला नाकं मुरडताना एक विसरू नका, पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपाननेच विकायला आणलं. सेइको ॲस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९, किंमत साडेचार लाख येन, त्या काळी गाडी आली असती एवढ्यात. इथल्या लोकांच्या दृष्टीने तीही कारागिरीच.

कोपऱ्यावरचा_घड्याळजी

दोघांचंही चालू द्या, पण मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, तेव्हा माझंही ऐका.

उजेडावर चालणारं वापरलेलं घड्याळ घेताना सेकंदकाटा बघा. दोन-दोन सेकंदांची उडी मारत असेल तर चार्ज उतरलाय. तसं ते बिघडलेलं नसतं, उन्हाच्या खिडकीत ठेवलं की ताळ्यावर येतं. पण कुणी वर्षानुवर्षं कपाटाच्या खणात कोंडून ठेवलेलं असेल तर आतला चार्ज साठवणारा घट दमलेला असू शकतो. दुकानदाराने दाखवायच्या आधी दिव्याखाली ठेवलं असेल तर कळायचंही नाही.

टायटॅनियमचं दुसरं. सिटिझन त्यावर कडक थर देतं, साध्या ओरखड्यांना तो दाद देत नाही. पण खोल खरचटलं तर पॉलिश करायला जाऊ नका, थरच निघून जाईल. स्टीलची केस घासून नवी करता येते, ही नाही.

आणि मुख्य मुद्दा, म्हणून मी अशा डायलच्या विरोधात: मशीन बदलून मिळेल, काच मिळेल, वॉशर मिळेल. डायल कोण देणार? पोर्सेलीन किंवा मीनाकारीची डायल असेल तर भिंगातून तिरप्या उजेडात काट्यांच्या भोकाभोवती नि कडेला बघा, केसाएवढी चीर गेलेली असते आणि समोरून अजिबात दिसत नाही. कागदाचं तर विचारूच नका. वॉशर कडक झाला, मुंबईचा एक जून-जुलै निघाला आणि आत दमट हवा गेली की संपलं. जपानातून आणलेलं कुठलंही जुनं घड्याळ आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, मग मिरवा.

पोथीवाली

घड्याळातलं मला काही कळत नाही, पण कागदावरून तुम्ही उगीच घाबरवताय. मी हस्तलिखितं जतन करण्याचं काम करते. तोसाचा तेंगुजो, म्हणजे अगदी पातळ वाशी, माझ्या टेबलावर रोज असतो, आणि जगभरची संग्रहालयंही तोच वापरतात.

कोझो म्हणजे तुतीच्या जातकुळीतलं झाड. त्याच्या आतल्या सालीचे तंतू लांबच लांब असतात. ते पाण्यात तोरोरो-आओईच्या मुळांच्या चिकट रसाबरोबर घोळवतात, त्यामुळे तंतू गुठळ्या न होता सारखे पसरतात. आता यंत्रावर निघणारा सर्वात पातळ तेंगुजो चौरस मीटरला १.६ ग्रॅम भरतो. हातात धरला तर आहे की नाही कळत नाही, पलीकडची अक्षरं सरळ वाचता येतात. फाटलेल्या पानाला लावताना आम्ही तो कात्रीने कापत नाही. ओल्या कुंचल्याने रेघ मारायची आणि दोन बोटांनी हलकेच ओढायचा. कडेला तंतूंची लव सुटते, ती गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने पानात मुरते आणि जोड दिसेनासा होतो. असा कागद शतकं टिकतो, म्हणून तर पोथीला लावतो. काचेखाली बंद डबीत, बोट न लागता, त्याला काय धाड भरलीय?

खरा आक्षेप माझा वेगळा आहे. तेंगुजो हातानेही होतो आणि यंत्रानेही. हाताने करणारे हामादा साजिओ यांना जपानने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला होता, आणि ते काम करणारे हात आता मोजकेच उरलेत. जाहिरातीत 'तोसा वाशी' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर पाण्यात चाळणी हलवणारा म्हातारा येतो. प्रत्येक वेळी तसंच असतं असं नाही. यंत्रावरचा कागद कमअस्सल असं मी म्हणत नाही, माझं सगळं काम त्यावर चालतं. पण विचारायला काय जातं?

चावीवाला

पोथीवाली, धन्यवाद, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. माझंही हेच. 'प्रेरित' म्हटलं की काहीही खपतं. ग्रँड सेइकोचं स्नोफ्लेक बघा, लोक म्हणतात कागदासारखी डायल. धातूच तो, ठसा उठवून वर चांदीचा मुलामा दिलेला. बर्फावरून सुचलं म्हणतात. सुंदर आहे, मला हवंच आहे, पण कारागिरीची परंपरा वगैरे नको सांगू.

रोखठोक_कोल्हापुरी

निदान तोसाचं नाव तरी घेतात! २०२५ च्या जूनमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला पायात घालून मॉडेल चालवले, तेव्हा कोल्हापूरचं नाव कुठे होतं? २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) असूनही इकडे बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे मान्य केलं. सेइको तर माणसाचंही नाव सांगते, लाखेच्या डायलसाठी कानाझावाचे इश्शू तामुरा, इनॅमलसाठी मित्सुरू योकोसावा. आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, गावाच्या नावातच कागद. किती जणांनी तिथला कागद हातात घेतलाय? आणि कुठल्या भारतीय घड्याळाच्या डायलवर गेलाय?

पण नाना, तुमच्या वापरलेल्या घड्याळातून त्या कागदवाल्याला एक येनसुद्धा गेला नाही. कारागिरीचं कौतुक आणि पैसे सेकंडहँड दुकानदाराला, हे कसं काय बुवा?

एचएमटीवाले_काका

जरा अवांतर. सिटिझन म्हटल्यावर सगळे जपान-जपान करताहेत. १९६१ ला बंगळूरला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना निघाला तो सिटिझनच्याच सहकार्याने. तुमच्या आजोबांची 'जनता' ती याच घराण्यातली. आमची अजून रोज चावी देतो, कागद नाही नि सौर घट नाही. चालू द्या.

अनामिक_शंका

जुनं घेताना चोरीचा माल नाही हे कशावरून? मला तरी भीती वाटते.

निशिकासाईचा_नाना

@अनामिक_शंका: जपानात जुन्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, १९४९ च्या कायद्यापासून. परवाना क्रमांक दुकानात लावलेला असतो, वेबसाइटवरही असतो. विकायला येणाऱ्याची ओळख तपासून नोंद ठेवावी लागते. ओळखीच्या ओळखीतून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

@घड्याळजी: सेकंदकाटा मी पाहिला होता, एकेक सेकंदानेच चालत होता. वॉशरचं लक्षात ठेवतो, पण मी राहतो तोक्योत.

@रोखठोक: बरोबर, माझ्या खरेदीतून कोचीला काही गेलं नाही. पण पहिला मालक नवं घ्यायची हिंमत करतो ती पुढे विकता येईल या भरवशावर. माझ्यासारखे घेणारे नसतील तर त्याचाही हात आखडेल.

रोखठोक_कोल्हापुरी

ह्या. मग किमतीत चाळीस टक्के घट कसली हो? त्या कागदाची किंमत बाजाराला कळत असती तर पहिल्या मालकाला एवढी खोट आली नसती. टायटॅनियमचे भाव मिळाले, कागद फुकट गेला.

निशिकासाईचा_नाना

घट ब्रँडच्या नावावर ठरते, कागदावर नाही. स्विस नाव असतं तर हाच कागद दुप्पट भावात गेला असता, आणि तुम्हीच मला वेड्यात काढलं असतं.

कोपऱ्यावरचा_घड्याळजी

तोक्योत राहता ते ठीक. गणपतीत गावी याल तेव्हा घालून येणार ना? कोकणात?