मदत हवी आहे: घुमट वाद्याच्या व्हीआर (आभासी वास्तव) खेळात उजवा हात हळूहळू सरकत जातो

नमस्कार. मी फोंड्याचा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरतीवर मोबाइलचा व्हीआर खेळ करतोय. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यासारखं वाद्य: एका तोंडाला चामडं, मागचं तोंड उघडं. फोन कार्डबोर्डच्या डब्यात, आणि दोन्ही हातांसाठी घरी बनवलेले कंट्रोलर: ईएसपी३२ (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), एमपीयू-६०५० (हालचाल आणि फिरणं मोजणारा) सेन्सर, ब्लूटूथ. आमच्या वाड्यावर घुमट एकच आणि शिकणारी पोरं सात. चवथीआधी सगळ्यांचा हात बसावा अशी फार इच्छा आहे.

थाप ओळखणं जमलं. झटका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आवाज येतो. अडचण दिशेची आहे. सुरुवातीला समोर असलेला हात पाचव्या मिनिटाला पडद्यावर वीसेक अंश उजवीकडे गेलेला असतो. वर-खाली होणं आणि कलणं बरोबर राहतं, कारण त्याला गुरुत्वाकर्षणाचा आधार आहे. आडव्या फिरण्याला तो नाही. होकायंत्राचा सेन्सरही जोडून पाहिला, पण लोखंडी कपाटाजवळ तो जास्तच भरकटतो. आरत्या एकामागून एक चालतात, दिशा पुन्हा जुळवायला मध्येच थांबून बटण दाबायला लावणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे डावा हात. मागचं तोंड तळव्यानं झाकून-उघडून नाद बदलतो, म्हणून त्वरणावरून तळव्याची जागा काढायला गेलो, तर काही सेकंदांत पडद्यावरचा हात खोलीबाहेर!

प्रतिसाद:
डाव्या हाताची जागा काढूच नका. त्वरणात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक असली तरी १० सेकंदांत अर्धा मीटर फरक पडतो. लहान मडकं घ्या, तोंडाच्या काठाला तांब्याची पट्टी लावा आणि ती ईएसपी३२च्या स्पर्श ओळखणाऱ्या पिनेला जोडा. झाकलं की उघडलं, एवढंच तर हवंय.

उजव्या हाताला खूण प्रत्येक थापेतच मिळते. थाप पडते त्या क्षणी हात चामड्याकडेच असणार. तेव्हा दिसणारा फरक दर थापेला थोडासा, समजा पाच टक्के, कमी करत जा. वाजवणाऱ्याला कळणारही नाही. शिवाय दोन आरत्यांमध्ये हात स्थिर असेल तेव्हा जायरोचं (सेन्सरमधल्या फिरणं मोजणाऱ्या भागाचं) शून्य पुन्हा मोजा. सेन्सर तापला की ते बदलतं.

मूळ लेखक:
थापेचीच खूण करायची हे सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! आज रात्रीच बसतो. फक्त एक विचारतो: शेवटी लय चढते तेव्हा थापा दाट पडतात. तिथेही पाच टक्केच ठेवू, की दोन थापांमधल्या वेळेप्रमाणे कमी करू?