विषय: ठाण्याहून – नव्या लॅपटॉपचे वाय-फाय वारंवार तुटते, शनिवारच्या बैठकीआधी मदत हवी

प्रेषक: मंडळाच्या सचिव (ऑक्टोबरअखेरपर्यंत मुक्काम ठाणे)
मंगळवार, ठाण्याची वेळ रात्री ११.१०

सप्रेम नमस्कार.

परवा अनामत रकमेवरचे मतदान चालू असताना मी तिसऱ्यांदा दिसेनाशी झाले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. माझे मत मी मांडले होते, पण ते कोणालाच ऐकू गेले नाही, असे नंतर कळले. इतिवृत्तात 'सचिव तटस्थ' असे नोंदवले गेले आहे, ते कृपया दुरुस्त करावे.

निघण्याआधी न्यू जर्सीत घेतलेला नवा लॅपटॉप आईच्या नौपाड्यातल्या घरी वाय-फायवर टिकत नाही. दिवसभर तो सुरळीत चालतो, परंतु संध्याकाळी सातनंतर, म्हणजे नेमक्या आपल्या बैठकीच्या वेळी, जोडणी तुटते आणि यादीतून घरच्या वाय-फायचे नावच नाहीसे होते. शेजाऱ्यांची अकरा नावे दिसतात, आपले तेवढे दिसत नाही. त्याच वेळी आईच्या फोनवर मालिका विनाअडथळा चालू असते. केबलवाल्याचा मुलगा दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा, "ताई, नेट बरोबर आहे, तुमचा लॅपटॉपच बाहेरचा आहे," एवढे सांगून परतला. राउटर बंद करून चालू केला की नाव कधी परत येते, कधी येत नाही.

दिवाळी अंकाचे दोन फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे संच) तपासून झाले आहेत, दोन राहिले आहेत. शनिवारी पुन्हा तसेच होऊ नये, म्हणून ज्यांना यातले कळते त्यांनी कृपया लिहावे.

सचिव

---

प्रेषक: खजिनदार

सचिवताई,

लॅपटॉप मंडळाच्या खात्यातून घेतलेला असल्यामुळे विचारतो की, परत करण्याची मुदत पुढच्या गुरुवारी संपते हे आपल्या लक्षात आहे ना? ठाण्याहून तो परत कसा करायचा, हा प्रश्न वेगळाच आहे. जुना लॅपटॉप दुरुस्त करून घ्यावा असे मी एप्रिलमध्ये म्हटले होते, एवढी आठवण करून देऊन थांबतो.

---

प्रेषक: तंत्रसमिती

तंत्रविषयक प्रश्न प्रथम तंत्रसमितीच्या पत्त्यावर पाठवावेत असे संक्रांतीनंतर ठरले होते, तरीही वेळ कमी असल्यामुळे उत्तर इथेच देत आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्यासाठी विंडोज मधूनमधून वाय-फायचे कार्ड झोपवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरची, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकावी. काही लॅपटॉपांत हे पानच नसते, तेव्हा घाबरू नये. त्यानंतर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारी आज्ञावली, लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घेऊन नव्याने बसवावा, जोडणी 'विसरावी' आणि परवलीचा शब्द देऊन पुन्हा जोडावी. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात.

---

प्रेषक: नाना

नव्वद टक्के हा आकडा कुठून आला ते तंत्रसमितीने सांगितले नाही, म्हणून उरलेल्या दहांचा विचार मी करतो.

आपण सगळे 'नेट गेले' असे एकच वाक्य बोलतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा बिनतारी दुवा ही एक आणि राउटरपासून बाहेर जाणारी फायबरची तार ही दुसरी. बाहेरची तार गेली असेल तर फायबरच्या डबीवर एलओएस नावाचा तांबडा दिवा लागतो आणि घरातले प्रत्येक यंत्र एकदमच मुके होते. सचिवताईंच्या मातोश्रींची मालिका चालू असते, त्यावरून बाहेरची तार निर्दोष आहे हे केबलवाल्याच्या मुलाने बरोबर ओळखले. मग दोष घरातच आहे. मात्र घरातला दोष म्हणजे लॅपटॉपचाच दोष असे होत नाही, आणि परत करण्याची घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

माझ्या मते कळीचा मुद्दा असा की नाव दिसेनासे होते. कार्ड झोपले असते तर शेजाऱ्यांची अकरा नावेही दिसली नसती. कान शाबूत आहेत, पण एकच आवाज ऐकू येत नाही, असा हा प्रकार आहे.

सचिवताईंनी मला चार गोष्टी कळवाव्यात. राउटर नेमका कुठे ठेवला आहे? तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर बोलतो की एकाच? संध्याकाळी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असतो का? त्याची लहर २.४५ गिगाहर्ट्झची असते आणि झाकणाच्या फटीतून जी थोडी निसटते तीही वाय-फायला पुरेशी त्रासदायक ठरते. आणि नाव नाहीसे झालेले असताना राउटर कोणत्या चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या कितव्या जागेवर, असतो? शेवटचे उत्तर अँड्रॉइड फोनवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या कोणत्याही फुकट ॲपमध्ये मिळते.

---

प्रेषक: माई

नानांनी मायक्रोवेव्हचे लिहिले ते अगदी खरे आहे. आमच्या कासारवडवलीच्या फ्लॅटमध्ये पोळ्या गरम करायला ठेवल्या की नातवाचा वर्ग दोन मिनिटे गोठायचा आणि तो मास्तरांना, "आजी जेवण गरम करते आहे," असे सांगायचा. घोडबंदर रोडवर मेट्रो चारची खोदाई चालू होती तेव्हा मात्र तारच तुटायची आणि सगळी इमारत खाली उतरून एकमेकांना विचारायची.

मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. राउटरवर क्रोशाचे झाकण असेल तर तेही पाहून घ्यावे, कारण आमच्या पिढीत उघडी वस्तू कोणाला बघवत नाही.

---

प्रेषक: सचिव
बुधवार, ठाण्याची वेळ रात्री ९.४०

माई, झाकण आहे. गुलाबी कडांचे, १९९० च्या सुमाराला आईने रेडिओसाठी विणलेले, तेच आता राउटरला चढवले आहे. राउटर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, लग्नातल्या स्टीलच्या डब्यांच्या मागे उभा आहे. तो काढून मी खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला. आईला ते पसंत नाही.

तंत्रसमितीने सांगितलेली खूण काढली, ड्रायव्हरही नवा बसवला, तरी आज संध्याकाळी साडेसातला नाव पुन्हा नाहीसे झाले. मायक्रोवेव्ह आमच्याकडे नाही. राउटर केबलवाल्याने दिलेला जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आहे.

आता नानांचा चौथा प्रश्न. भाच्याच्या फोनवर ॲप घेऊन दोघांनी पाहिले. दुपारी चार वाजता राउटर सहाव्या चॅनलवर होता आणि लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. साडेसातला राउटर तेराव्या चॅनलवर होता. फोनवर त्याची उंच हिरवी कमान स्वच्छ दिसत होती आणि हातभर अंतरावरच्या लॅपटॉपला त्याचा पत्ताच नव्हता. राउटर बंद-चालू केला तेव्हा तो अकरावर गेला आणि लॅपटॉपला लगेच नाव दिसले.

---

प्रेषक: नाना

तेरा! खजिनदारांनी गुरुवारची चिंता सोडावी.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पहिला चॅनल २४१२ मेगाहर्ट्झवर असतो आणि पुढचा प्रत्येक पाच-पाच मेगाहर्ट्झ अंतरावर, त्यामुळे तेरावा २४७२ वर येतो. भारतात आणि युरोपात तेराही चॅनल वापरात आहेत. अमेरिकेत मात्र व्यवहार अकरापर्यंतच चालतो, कारण पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागून जो भाग आहे तिथे सांडणाऱ्या लहरींवर कडक मर्यादा आहे आणि बारा-तेरावर पूर्ण ताकदीने बोलून ती पाळणे कठीण असते. म्हणून तिथल्या बाजारासाठी बनवलेली पुष्कळ यंत्रे बारा आणि तेरा ऐकतच नाहीत. ठाण्यात घेतलेला फोन ऐकतो, न्यू जर्सीत घेतलेला लॅपटॉप ऐकत नाही, आणि दोघेही आपापल्या देशाच्या रीतीने वागत आहेत. केबलवाल्याचा मुलगा "बाहेरचा आहे" म्हणाला, ते त्याच्या नकळत शब्दशः खरे होते.

संध्याकाळीच असे का व्हावे, हेही यातून उलगडते. राउटर स्वयंचलित निवडीवर ठेवलेला दिसतो. सातनंतर सगळी इमारत घरी येते, पहिला, सहावा, अकरावा हे नेहमीचे चॅनल गजबजतात आणि राउटर बिचारा मोकळी जागा शोधत तेरावर जाऊन बसतो.

उपाय सोपा आहे. राउटरच्या मांडणीत (सेटिंगमध्ये) जाऊन चॅनल कायमचा एक, सहा किंवा अकरा करावा आणि रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. हे तीनच आकडे सांगण्याचे कारण असे की वीस मेगाहर्ट्झ रुंदीचे तीन चॅनल एकमेकांवर न चढता याच जागी बसतात. तिसरा किंवा चौथा निवडून हुशारी करू नये, त्याने दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण होते.

---

प्रेषक: तंत्रसमिती

नानांचे निदान मान्य आहे, परंतु एक नोंद करणे आवश्यक आहे. अलीकडची काही कार्डे आसपासच्या राउटरांनी प्रक्षेपित केलेली देशाची खूण वाचून स्वतःचे नियम बदलतात आणि मग बारा-तेराही ऐकतात. त्यामुळे अमेरिकेतला प्रत्येक लॅपटॉप भारतात असाच वागेल, असा समज मंडळाच्या ईमेल-यादीवर पसरू नये. शिवाय एकाच पट्ट्यावरचा जुना राउटर ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही पट्ट्यांचा नवा घेऊन लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावा, हाच कायमचा उपाय आहे.

---

प्रेषक: नाना

'काही कार्डे' हे मान्य. सचिवताईंचे त्यातले नाही, एवढे तर दिसलेच.

नवा राउटर घ्यायला माझी ना नाही, पण नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात आणि ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपुढे लवकर मान टाकते. ज्या खोलीत काम त्याच खोलीत राउटर असेल तर उत्तम. घेतलाच तर चॅनल ३६ ते ४८ यांतला ठेवावा. मधल्या बऱ्याच चॅनलांवर रडारचा अधिकार आधीचा असतो. त्याची चाहूल लागली तर राउटरने तो चॅनल तत्काळ सोडायचा आणि नव्या जागी बोलण्यापूर्वी निदान एक मिनिट नुसते ऐकत बसायचे, असा संकेत आहे. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचे सी-बँड, म्हणजे साधारण याच सुमाराच्या लहरींवर चालणारे, रडार आहे. ते ठाण्याच्या घरातल्या राउटरला जाणवेल असे मी म्हणत नाही, पण बैठकीत एक मिनिट गप्प बसायचा धोका कशाला घ्यावा?

---

प्रेषक: संपादक, दिवाळी अंक

रडारापर्यंत चर्चा पोहोचली आहे, तर तिसऱ्या फर्म्याचे काय झाले हेही कोणीतरी सांगावे.

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार, ठाण्याची वेळ दुपारी १.१५

राउटरच्या मांडणीत शिरण्यासाठीचा परवलीचा शब्द खालच्या चिकटपट्टीवर छापलेला होता, परंतु तो केबलवाल्याने बदललेला निघाला. काल संध्याकाळी त्याचा मुलगा तिसऱ्यांदा आला. नानांचे पत्र मी त्याला वाचून दाखवले. त्याने फोनवरूनच चॅनल एक केला, रुंदी वीस केली आणि जाताना, "तेरा नंबर आपल्याकडे कोणी बघतच नाही, आपोआप जातो," असे म्हणाला. रात्री आठ ते साडेदहा लॅपटॉप एकदाही तुटला नाही.

संपादकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अर्धवट आहे. त्यांनी दिलेली अंकाची हार्ड डिस्क लॅपटॉपच्या डाव्या बाजूला जोडली की वाय-फायचा वेग एकदम उतरतो आणि बिनतारी माउसचा बाण पडद्यावर अडखळत उड्या मारतो. डिस्क काढली की दोन्ही सुधारते. तिसरा फर्मा त्यामुळेच अडकला आहे. मला हा योगायोग वाटत नाही.

---

प्रेषक: संपादक, दिवाळी अंक

ती डिस्क गेली तीन वर्षे अंकाच्या कामासाठी वापरात आहे आणि तिच्याबद्दल आजवर कोणाचीही तक्रार आलेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

---

प्रेषक: नाना

डिस्कवर कोणी आरोप करत नाही, संपादकमहाशय. यूएसबी ३ च्या जोडणीतून माहिती ज्या वेगाने धावते त्या वेगामुळे २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास एक गोंगाट हवेत पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. बिनतारी माउसही त्याच पट्ट्यात बोलत असल्यामुळे दोघांना एकदमच त्रास होतो, आणि माउसची ही साक्षच या निदानाचा पुरावा आहे. सचिवताईंच्या लॅपटॉपचा अँटेना बहुधा डाव्या बाजूला, जोडणीच्या शेजारीच आहे. डिस्क चांगली आवरण असलेल्या मीटरभर लांब तारेने जोडून लॅपटॉपपासून दूर ठेवावी, किंवा उजवीकडची जोडणी वापरून पाहावी. तेही जमले नाही तर फर्मे लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावेत, डिस्क काढावी आणि मगच पाठवावेत.

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार, ठाण्याची वेळ रात्री ८.५०

उजवीकडे जोडून पाहिले, थोडा फरक पडला. गोखले रोडवरून मीटरभर तार आणली आणि डिस्क खाटेच्या कडेला ठेवली तेव्हा माउस शहाण्यासारखा चालू लागला. तिसरा फर्मा साडेआठला गेला आहे, चौथा आज रात्री पाठवते. पान ४१ वरील कवितेच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ दोनदा आली आहे. ती कवीची योजना आहे की आपली चूक, ते संपादकांनी कळवावे.

राउटर स्टुलावरच आहे. झाकण त्याच्यावर नको, खाली अंथरायला चालेल, असे आईशी ठरले आहे. उद्या बैठकीला मी वेळेवर हजर असेन. अनामत रकमेवरचे मतदान पुन्हा घ्यावे ही माझी विनंती कायम आहे.

---

प्रेषक: खजिनदार

मतदानाबाबत अध्यक्ष ठरवतील. मीटरभर तारेची पावती मात्र जपून ठेवावी, आणि तीवर मंडळाचे नाव नसेल तर दुकानदाराकडून आजच लिहून घ्यावे.