मदत हवी आहे: मायट्रलची धातूची झडप अडकल्याची शंका, गेटेड (ठोक्यांशी जुळवून घेतलेला) सीटी कसा घ्यावा?

मांजराकाठ (लातूर):
आमच्याकडं १२८ स्लाइस मशीन आहे. कोरोनरी अँजिओ रोजच्या, झडपेचा सीटी मात्र पहिल्यांदाच आलाय. बाई ४८ वर्षांच्या, ८ वर्षांपूर्वी मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) झडप बदललेली. आठवडाभरात धाप वाढली. इकोत सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंतल्या दाबाचा फरक) १४, आयएनआर (रक्त पातळ असल्याचं माप) १.६, क्रिएटिनिन १.१, एएफ (अनियमित ठोके), ठोके ९६. टीईईत (अन्ननलिकेतून केलेल्या इकोत) धातूच्या सावलीमुळं व्हेंट्रिकलची बाजू दिसेना. रक्ताची गाठ की पॅनस (झडपेच्या रिंगवर वाढलेली तंतुमय पेशीजाळी), एवढंच विचारलंय. कोरोनरीचाच प्रोटोकॉल चालेल का?

गोदातीर (नांदेड):
नाही चालणार. कोरोनरीत एक शांत फेज (ठोक्यातला टप्पा) मिळाली की काम झालं. इथं झडपेची चकती उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा पाहायचीय. म्हणून रेट्रोस्पेक्टिव्ह गेटिंग (पूर्ण ठोकाभर स्कॅन करून नंतर फेज निवडणं), आणि ईसीजी डोस मॉड्युलेशन (ठोक्याच्या काही भागात किरण कमी करणं) बंद. ते चालू राहिलं की सिस्टोलची (हृदय आकसतानाची) चित्रं इतकी दाणेदार येतात की झडप पूर्ण मिटली का ते सांगता येत नाही. डोस वाढतो, पण प्रश्नच हालचालीचा आहे.

ट्यूबचा व्होल्टेज १२० केव्हीच ठेवा. पेशंट बारीक म्हणून १०० वर आणलं तर धातूभोवतीच्या काळ्या पट्ट्या वाढतात. ३७० चं (मिलीला ३७० मिग्रॅ आयोडिन) कॉन्ट्रास्ट ७० ते ८० मिली, सेकंदाला ५ मिली, उजव्या हातातून. मागून सलाइन ४० मिली. स्लाइस ०.६ मिमीच्या आसपास. एएफमध्ये टक्क्यांवर रिकन्स्ट्रक्शन केलं तर फेज घसरतात, आर लाटेपासून मिलिसेकंदावर करा आणि वेडेवाकडे ठोके एडिटिंगमध्ये काढून टाका.

नायट्रोग्लिसरीन देऊ नका. मेटोप्रोलॉल कार्डिओलॉजिस्टना विचारूनच. फुफ्फुसात पाणी असेल तर ९६ वरच घ्या. आडवं झोपवत नसेल तर सीटीचा हट्टच नको, त्यांना तातडीनं सर्जरीची सोय असलेल्या ठिकाणी हलवणं आधी.

झडप कोणती? कार्ड बघा.

मांजराकाठ:
कार्डावर टीटीके चित्रा, २७ नंबर. फ्लुरोस्कोपी (हलतं एक्स-रे चित्र) करून बघावी, असं कार्डिओलॉजिस्ट म्हणायलेत.

गोदातीर:
दोन पाती असलेली झडप असती तर फ्लुरोनं लगेच कळलं असतं. चित्राची चकती पॉलिथिलीनची, फ्लुरोत दिसतच नाही. दिसतो तो फक्त कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा. सीटीत भरलेल्या कॉन्ट्रास्टमध्ये तीच चकती काळपट पट्टीसारखी उठून दिसते. सांगाड्याचे आर्टिफॅक्ट मात्र भरपूर, हे धरून चाला.

परभणी_रेडिओ:
एमपीआरमध्ये (हव्या त्या कोनातून छेद दाखवणाऱ्या चित्रात) आधी रिंगच्या पातळीत या, मग चकती कडेवरून दिसेल असा छेद घेऊन सिने (सर्व फेजची चित्रफीत) चालवा. रिंगला चिकटून अर्धगोल कडं दिसलं तर पॅनस; चकतीवर किंवा सांगाड्याच्या दांड्यापाशी वेडावाकडा गोळा असेल तर गाठ. घनता ९० एचयूच्या (सीटीतल्या घनतेचं एकक) खाली असेल तर गाठीकडं झुकतं माप, १४५ च्या वर पॅनस, मधलं संशयास्पद. आरओआय (घनता मोजायचं वर्तुळ) धातूपासून लांब ठेवा. धातूभोवतीच्या काळ्या पट्टीवर ठेवला तर आकडा उणेसुद्धा येतो, आणि तोच रिपोर्टमध्ये जातो! १.६ आयएनआर आणि आठवड्याचा इतिहास गाठीच्या बाजूनं आहे, पण रिपोर्ट चित्रावरून लिहा.

साधा, विनाकॉन्ट्रास्ट स्कॅनही घ्या. टाक्यांखालचे प्लेजेट (आधाराचे कापडी तुकडे) कॉन्ट्रास्टमध्ये झडपेच्या कडेच्या गळतीसारखे चमकतात. साध्यातही तेवढेच पांढरे असतील तर ती गळती नाही. शिवाय ६० सेकंदांनी एक लेट फेज: एएफमध्ये डाव्या अपेंडेजमध्ये (डाव्या कर्णिकेच्या पिशवीत) रक्त हळू भरतं आणि गाठ असल्याचा भास होतो.

मांजराकाठ:
शिरा बारीक आहेत, १८ ची हिरवी कॅन्युला बसंना. २० ची गुलाबी चालेल?

परभणी_रेडिओ:
चालेल, कोपराच्या शिरेतच. वेग ४ वर आणा, कॉन्ट्रास्ट ३७० चंच. आधी सलाइन जोरात सोडून शीर फुगत नाही ना ते हातानं चाचपून बघा.